प्लॅन काढणारा कोण, सळ्या मोजणारा कोण

आमच्या गोव्यात घर बांधायला काढलं की पहिला प्रश्न, "इंजिनिअर कोण तुझा?" आणि हा इंजिनिअर म्हणजे प्लॅन काढणारा, पंचायतीत फाईल फिरवणारा, कंत्राटदाराशी भांडणारा, सगळं तोच. त्यामुळे आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर ही दोन वेगळी माणसं असतात हे मला स्वतःला कळलं ते फोंड्याच्या आमच्या जुन्या चिऱ्याच्या घरावर मजला चढवताना.

दोघांच्या प्रश्नांवरूनच फरक कळतो. आर्किटेक्ट बाई आल्या, त्यांनी विचारलं वारा कुठून येतो, आईची तुळस कुठे ठेवायची, पावसाची झड कुठल्या बाजूने मारते, जिना आतून हवा की बाहेरून. नंतर त्यांनीच पाठवलेले एक काका स्कूटरवरून आले आणि तुळशीकडे ढुंकूनही न बघता भिंतीच्या कडेला खड्डा खणायला लावला, पाया किती खोल, चिरे कुठल्या थरावर बसलेत ते बघायला. मग विचारलं, गच्चीवर टाकी किती लिटरची? मी म्हटलं दोन हजार. "म्हणजे दोन टन पाणी कायमचं डोक्यावर, टाकी कुठेही नाही ठेवायची, मी सांगतो तिथेच ठेवायची." हा स्ट्रक्चरल इंजिनिअर. वजन कुठून निघतं आणि स्लॅब, बीम, कॉलम करत जमिनीत कसं उतरतं, एवढंच तो बघतो, पण ते त्याच्याशिवाय कुणी बघत नाही.

खरा धडा मिळाला तो बाल्कनीत. बाईंनी पाच फूट बाहेर काढलेली, खाली खांब नाही. आता साध्या स्लॅबला दोन्हीकडे आधार असतो, तो मधे खाली वाकतो, ताण, म्हणजे ओढ, खालच्या अंगाला येतो म्हणून मुख्य सळी खाली. बाल्कनीचं बरोबर उलट, ती टोकाकडे झुकते, ताण वरच्या अंगाला, म्हणून सळी वर पाहिजे आणि ती मागे घरातल्या स्लॅबमध्ये चांगली आतपर्यंत न्यायला पाहिजे. काँक्रीट दाब सोसतं, ताण नाही सोसत, तो सळीनेच सोसायचा. ड्रॉइंगमध्ये हे सगळं होतं हो, पण स्लॅबच्या दिवशी सकाळी मजूर घमेली घेऊन त्या वरच्याच सळ्यांवरून ये-जा करत होते आणि सळ्या दबून पार तळाला टेकलेल्या, आम्हाला कुणालाच काही वाटलं नाही. काकांनी मिक्सर बंद करायला लावला, सळ्या उचलून खाली चेअर, म्हणजे सळी वर धरून ठेवणारे छोटे टेकू, बसवल्या, चालायला फळ्या टाकल्या, तासभर काम थांबलं, कंत्राटदार फुगून बसला. ती बाल्कनी तशीच भरली असती तर सळी तळाला नुसती शोभेला राहिली असती.

मोठ्या इमारतींत पण हेच, फक्त मापं मोठी. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया हे नाव गोव्यात बहुतेकांना माहीत, मूळचे गोव्याचे, मांडवीच्या काठावरची कला अकादमी त्यांची. मुंबईच्या कंबाला हिलवरची कांचनजंगा इमारत पण त्यांचीच, कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या गच्च्या कोरून काढल्यात आणि कोपऱ्याला खांबच नाही, ६ मीटरहून जास्त बाहेर. ते कागदावर काढणं एक आणि २८ मजले तसं टिकवणं दुसरं, ते काम शिरीष पटेलांचं, मुंबईचा केम्प्स कॉर्नर फ्लायओव्हर पण त्यांचाच. हे नाव किती जणांनी ऐकलंय?

महेंद्र राज यांचं करिअर तर पूर्ण या दुसऱ्या, स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या खुर्चीत गेलं. जन्म १९२४, सुरुवात पंजाबात सरकारी नोकरीत, चंदीगडला आर्किटेक्ट ल कॉर्बुझिएच्या हायकोर्टाच्या कामावर, मग अमेरिकेत शिक्षण आणि नोकरी, १९६० च्या सुमाराला परत येऊन स्वतःचं ऑफिस. कोरियांचं दिल्लीतलं १९६१ चं हिंदुस्तान लिव्हर पॅव्हिलियन, चुरगळलेल्या कागदासारखं काँक्रीट, त्याचा हिशेब यांचा. आर्किटेक्ट बी. व्ही. दोशींचा अहमदाबादचा टागोर हॉल, घडी घातलेल्या भिंतींचा, तिथेही हेच. आणि दिल्लीच्या प्रगती मैदानातला १९७२ चा हॉल ऑफ नेशन्स, आर्किटेक्ट राज रेवाल, सत्तर मीटरहून मोठ्या गाळ्यात मधे एकही खांब नाही. छप्पर पेलायला त्रिकोणांनी जोडलेला सांगाडा, असा सांगाडा परदेशात स्टीलचा करतात, आपल्याकडे स्टील परवडेना म्हणून त्यांनी तो काँक्रीटचा केला, जागेवर हाताने ओतून. तिथे दिसतो तो सांगाडाच, मग डिझाइन कुणाचं म्हणायचं? मला तरी अर्धं अर्धं वाटतं. २०१७ च्या एप्रिलमध्ये तो पाडला, तेव्हा महेंद्र राज नव्वदी ओलांडलेले, हयात होते. ते गेले २०२२ मध्ये.

कायद्यातही गंमत आहे, 'आर्किटेक्ट' म्हणवून घ्यायला १९७२ च्या कायद्याने आर्किटेक्टांच्या कौन्सिलकडे नोंदणी लागते, स्ट्रक्चरल इंजिनिअरसाठी देशभराचा तसा कायदा नाही. म्हणून घर काढताना 'इंजिनिअर आहे' एवढ्यावर थांबू नका, सळ्यांचं वेगळं ड्रॉइंग कोण देणार आणि स्लॅबच्या दिवशी साइटवर कोण येणार ते विचारा. आमच्या काकांची फी जास्त वाटते म्हणून आधी मी कुरकुरलो होतो. आता जोरदार पावसात आई त्याच बाल्कनीत खुर्ची टाकून बसते, तुळसही तिथेच आणून ठेवलीय, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते की आर्किटेक्ट बाईंनी बाल्कनी काय छान काढलीय.