ब्राझीलच्या सरकारी युनिव्हर्सिटीत काळ्या विद्यार्थ्यांसाठी कोटा: कोण बसतं, कागद काय लागतात

ब्राझीलमध्ये सरकारी युनिव्हर्सिटीला फी नसते, पण मेडिकल-लॉसारख्या कोर्सेसच्या त्या फुकट सीट्स वर्षानुवर्षं महागड्या प्रायव्हेट शाळांतली, बहुतेक गोरी मुलंच घेऊन जायची. म्हणून 2012 मध्ये कोटा कायदा आला आणि केंद्राच्या युनिव्हर्सिट्यांत प्रत्येक कोर्सच्या निम्म्या सीट्स सरकारी शाळेतल्या मुलांना राखीव झाल्या.

म्हणजे पहिली अट शाळेची, रंग त्यानंतर. कॉलेजआधीची तिन्ही वर्षं सरकारी शाळेतच झालेली पाहिजेत, एक वर्ष जरी प्रायव्हेटमध्ये काढलं, अगदी स्कॉलरशिपवर, तरी बाद.

80 सीट्सचा कोर्स धरा. 40 कोट्यात, त्यातल्या 20 गरीब घरांसाठी (माणशी उत्पन्न एका किमान वेतनाच्या आत, 2023 पर्यंत ही मर्यादा दीड होती) आणि 20 ला उत्पन्नाची अट नाही. या दोन्ही विसांत काळे, मिश्रवर्णीय, आदिवासी यांचा वाटा त्या राज्यातल्या त्यांच्या लोकसंख्येइतका, उदाहरणार्थ बाहिया राज्यात काळे-मिश्रवर्णीय मिळूनच 80 टक्क्यांच्या आसपास आहेत, म्हणजे विसातल्या साधारण 16.

आधी एनेम ही देशभराची परीक्षा द्यायची, मग सिसू या सरकारी ॲडमिशन पोर्टलवर कोर्स आणि कॅटेगरी निवडायची. 2023 च्या दुरुस्तीनंतर आधी ओपनचं मेरिट बघतात, तिथे बसला तर कोट्याची सीट दुसऱ्याला, आपल्याकडे असतं तसंच.

कागदांत शाळेचे मार्कशीट-दाखले, गरीब गटाला घरातल्या प्रत्येकाच्या कमाईचे पुरावे आणि रंगाचं स्वतः सही केलेलं घोषणापत्र. जातीच्या दाखल्यासारखं काही नाही, बहुतेक ठिकाणी त्याऐवजी एक समिती समोर बसवून बघते, कातडीचा रंग, केस, नाक-ओठ. आजी काळी होती म्हणून फोटो दाखवला तर तो धरत नाहीत, कारण रस्त्यात भेदभाव होतो तो चेहरा बघून. ब्राझीलियाच्या युनिव्हर्सिटीत (तिथे कायद्याआधीच स्वतःचा कोटा होता) 2007 ला नुसत्या फोटोंवरून एकसारख्या जुळ्या भावांपैकी एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हटलं होतं, त्यामुळे समोरासमोर बघणं आणि अपिलाची सोय असणं मला फार गरजेचं वाटतं. बोलावलेल्या तारखेला गेलं नाही तर कोट्याची सीट जाते.

पळून गेलेल्या गुलामांच्या वस्त्या, म्हणजे किलोंबो, तिथल्या मुलांना 2023 पासून कोट्यात वेगळी जागा आहे, त्यांना वस्तीच्या पुढाऱ्यांच्या सहीचं पत्र लागतं.

आणि ॲडमिशन झाल्यावर स्टायपेंडचा अर्ज वेगळा भरायचा! खोलीभाडं, बस, जेवण याला पैसे कुठून येणार? 2023 च्या दुरुस्तीने अशा मदतीत कोट्यातल्या गरजू मुलांना प्राधान्य दिलंय.