लीझल म्हणजे अ‍ॅन नव्हे

‘द बुक थीफ’चा विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतं, “लपून बसलेल्या त्या ज्यू मुलीची डायरी ना?” नाही. ती अ‍ॅन फ्रँक.

अ‍ॅनबद्दल फार सांगायला नको. अ‍ॅमस्टरडॅम, तेराव्या वाढदिवसाला मिळालेली वही, जुलै १९४२ पासूनचा अज्ञातवास, ४ ऑगस्ट १९४४ ची धाड. ‘द बुक थीफ’ची नायिका लीझल मेमिंगर मात्र कधी नव्हतीच. ऑस्ट्रेलियन लेखक मार्कस झुसाक यांची ही २००५ सालची कादंबरी. तिच्यामागे आईवडिलांनी सांगितलेल्या आठवणी आहेत, पण त्यातलं नाझी जर्मनीतलं मोल्किंग गाव नकाशात सापडत नाही आणि गोष्ट सांगतो साक्षात मृत्यू. तरीही तिला ‘सत्यकथा’ म्हणत राहणं हा अ‍ॅनवरही अन्याय आहे.

पण खरी गल्लत पुढेच आहे. लीझल ज्यू नाही. ती लपलेली नाही, लपवणाऱ्यांच्या घरात वाढतेय. बापावर कम्युनिस्ट असल्याचा शिक्का बसलेला, म्हणून ती हान्स आणि रोझा हुबरमान या पालक दांपत्याकडे येते. दहा वर्षांची झाल्यावर नाझींच्या मुलींच्या संघटनेत तिचं नावही घातलं जातं. तळघरात लपतो तो माक्स नावाचा ज्यू तरुण.

एवढा एक फरक चुकला की कादंबरी हातातून निसटते. अ‍ॅन वाचत्या घरातली; १९४४ मध्ये रेडिओवर युद्धकाळातल्या डायऱ्या जपण्याबद्दल ऐकून तिनं स्वतःच्या मजकुराचं पुनर्लेखन सुरू केलं. लीझल पहिलं पुस्तक उचलते, भावाच्या दफनाच्या वेळी बर्फात पडलेलं, तेव्हा तिला वाचताच येत नाही. ते असतं कबरी खोदणाऱ्यांचं माहितीपुस्तक. रंगारी हान्स तिला पॉलिश पेपरच्या मागच्या बाजूवर अक्षरं काढून शिकवतो, पुढे तळघराच्या भिंतीवर रंगानं शब्द लिहून. आणि ती शिकते ती भाषा हिटलरचीही आहे. त्या भाषेतच हे पुस्तक घडतं.

माक्स घरी पोचतो तो हिटलरचं ‘माइन काम्फ’ हे पुस्तक हातात धरून. कुणाला संशय येऊ नये म्हणून, आणि घराची किल्लीही त्यातच चिकटवलेली. मग तो त्याची पानं फाडतो, पांढऱ्या रंगानं रंगवतो, वाळत घालतो आणि त्यांवर लीझलसाठी चित्रगोष्ट काढतो. रंगाखालून जुना मजकूर पुसट दिसत राहतो. म्हणून प्रत घेताना ही चित्रपानं आहेत का ते आधी बघा. नसतील तर ती प्रत घेऊ नका.

गोंधळाचं आणखी एक कारण अगदी शेवटी आहे. कादंबरी वाचायची असेल तर इथे थांबा. दोघींचं लेखन इतरांनी उचलून जपलेलं आहे. अ‍ॅनचे कागद धाडीनंतर अज्ञातवासात मदत करणाऱ्या मीप खीस आणि बेप फॉस्कउल यांनी गोळा केले. लीझलनं स्वतःची गोष्ट लिहिलेली वही बॉम्बहल्ल्यानंतर कचऱ्याच्या गाडीत फेकली जाते, आणि गाडीत चढून ती उचलतो मृत्यू.