पार्श्वभूमी : क्रेग्ज हट

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याचं अल्पाइन नॅशनल पार्क म्हटलं की क्लिअर हिल्सवरच्या या लाकडी खोपट्याचा फोटो समोर येतो. गुराख्यांच्या काळाची खूण म्हणून लोक तो घरी नेतात. प्रत्यक्षात इथे एकही गुराखी कधी राहिलेला नाही.

गुराख्यांची खरी खोपटी वेगळी. उन्हाळ्यात गुरं वर चढवायची, बर्फ पडायच्या आत उतरवायची आणि मधल्या दिवसांत आडोसा हवा म्हणून हाताशी असेल त्या लाकडाचं काहीतरी उभारायचं. बोगाँग पठारावरचं १८८९ चं वॉलेसेस हट त्यातलंच : स्नो गम या डोंगरी निलगिरीच्या ओंडक्यांपासून फाडलेल्या जाड फळ्या, वर छपराचा पत्रा. तिथे कॅमेरे कमी वळतात.

क्रेग्ज हट हा १९८२ च्या 'द मॅन फ्रॉम स्नोई रिव्हर' या चित्रपटाचा सेट. चित्रपटाचा आधार १८९० ची एक कविता. नायकाचं आडनाव क्रेग, तेच खोपट्याला चिकटलं. शूटिंग संपलं तरी सेट जागेवर राहिला आणि जीपवाल्यांची रीघ लागली. नॅशनल पार्क झालं ते नंतर, १९८९ मध्ये.

डिसेंबर २००६ च्या वणव्यात या खोपट्याची राख झाली आणि 'वारसा' या शब्दाचा गुंता समोर आला. मूळच नकली असेल तर पुन्हा बांधायचं ते काय, नकलेची नक्कल? नॅशनल पार्कात आधी निसर्ग, मग इमारती, हा हिशोब लावला तर राख तशीच सोडायला हरकत नव्हती. पण पंचवीस वर्षं लोक तिथे येत होते, आणि त्या आठवणी काही खोट्या नव्हत्या. बांधायचंच ठरलं. २००८ च्या सुरुवातीला नवं खोपटं खुलं झालं. माझ्या मते निर्णय चुकला नाही, पण त्याला 'पुनर्बांधणी' ऐवजी 'जीर्णोद्धार' म्हणणं जरा जास्तच.

त्यातही वेळ अशी की वणव्याच्या जेमतेम दीड वर्ष आधी, २००५ मध्ये, राज्य सरकारने पार्कातले चराईचे परवाने पुढे न वाढवण्याचा निर्णय घेतला होता. गुराखी संतापले, मोर्चे निघाले. २०११ मध्ये नव्या सरकारने प्रयोग म्हणून गुरं परत वर सोडली, ती केंद्राने थांबवली. शेवटी २०१५ मध्ये कायद्यानेच बंदी आली. क्रेग्ज हटभोवतीचं गुरांसाठी असावं तसं दिसणारं लाकडी कुंपण मात्र नव्याने घातलेलं आहे.