देणगीदारांच्या नोंदी आणि कथन

निधिसंकलन करताना देणगीदारांविषयी जपलेली माहिती आणि संस्थेच्या कामातून पुढे आलेली माणसांची हकीकत यांचा एकमेकींच्या आधाराने केलेला वापर. कोणाकडे, केव्हा आणि कोणत्या कामासाठी मागावे हे नोंदींवरून कळते. द्यावेसे वाटते ते हकीकतीमुळे.

आकडेवारी आणि हकीकत दोन्ही एकाच पत्रात घातल्या की परिणाम वाढतो, हा समज मात्र टिकत नाही. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक यांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सहभागींना ५ डॉलर देऊन त्यांतून दान करण्याची मुभा होती. आफ्रिकेतील माली या देशातील एका मुलीची कथा वाचणाऱ्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, केवळ उपासमारीची आकडेवारी वाचणाऱ्यांनी १.१४, तर कथा व आकडेवारी दोन्ही वाचणाऱ्यांनी १.४३. म्हणून आकड्यांची योग्य जागा कथेची निवड करताना आणि पुढे पैशाचा हिशेब देताना आहे.

गोव्यात वर्गणीची वही आणि पावतीपुस्तक जुनेच आहे. सोळाव्या शतकात तिसवाडी व साष्टीतील अनेक देवता अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा भागात, हलवल्या गेल्या, आणि पुढे मुंबई-बेळगावात स्थिरावलेली कुटुंबेही कुळदेवाच्या नात्याने तेथे देणगी पाठवत राहिली. या नात्यामुळेच येथील मराठी शाळेच्या किंवा वाचनालयाच्या वहीत ‘मूळ गाव’ हा रकाना सध्याच्या पत्त्याहून मोलाचा ठरतो, कारण त्यावरून दूरच्या देणगीदाराला त्याच्याच गावातील मुलांची हकीकत पाठवता येते. केवळ मोठ्या रकमांवरून यादी लावणाऱ्या संस्थेला वर्षानुवर्षे थोडे पण न चुकता देणारा माणूस दिसत नाही, आणि हे नुकसान मोठे आहे.

१९६१च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ८०जीखालील, देणगीवरच्या करसवलतीसाठी आर्थिक वर्ष २०२१-२२पासून देणगीदारांचे विवरण १०बीडी नमुन्यात भरणे आवश्यक झाले, त्यामुळे लहान संस्थांनाही नोंदी नेटक्या ठेवाव्या लागल्या. करासाठी घेतलेला ओळख क्रमांक आवाहनाच्या यादीत मात्र येऊ नये.

ज्या व्यक्तीविषयी लिहायचे तिची संमती हा नाजूक भाग आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची तरतूद आहे. लहान वाड्यावर, म्हणजे गावातल्या वस्तीत, नाव बदलूनही घर ओळखू येते आणि मुंबईला पाठवलेला मजकूर व्हॉट्सॲपवरून परत वाड्यावर पोहोचतो. म्हणून तो आधी त्या कुटुंबाला वाचून दाखवावा आणि नको म्हटलेले काढून टाकावे.