पोदेराच्या भोंपूनंतरची वीस मिनिटं

सकाळी साडेसहाच्या सुमारास आमच्या वाड्यावर पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंपू वाजतो. दोनदा, मग जरा थांबून पुन्हा दोनदा. मी उंडे (गोल पाव) घेतो, स्वयंपाकघरात झाकून ठेवतो आणि बूट चढवून बांधाकडे निघतो. आमचं घर गोव्यात, फोंड्याहून दुर्भाटच्या बाजूला. मागे कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, कुळागरातून खाली उतरणारी पायवाट, पुढे खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचा, बांध आणि बांधापलीकडे जुवारी नदीचं पाणी. जायला दहा मिनिटं, यायला दहा. गेली तीन वर्षं हे चाललंय. त्याआधीची सात वर्षं हे रोज उद्यापासून सुरू होणार होतं.

त्या सात वर्षांत मी सगळा दोष स्वतःच्या आळसाला दिला. आता वाटतं, बेतच चुकला होता. निसर्ग म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तांबडी सुर्लचं देऊळ यायचं, म्हादईचं रान यायचं, निदान बोंडला तरी. तिथे जायला रविवार लागतो, गाडी लागते, डबे लागतात, आणि निघायच्या वेळी घरातलं कोणीतरी रुसलेलंही असावं लागतं. वर्षातून दोनदा जमायचं. मग मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ आलं आणि रोज दहा हजारांचा हट्ट सुरू झाला.

या दहा हजारांची जन्मकथा गमतीची आहे. 1965 च्या सुमारास जपानमध्ये एक पाऊलमापक विकायला आला. त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारा. आकडा गोल आणि कानाला बरा होता, पण तो कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नव्हता. पुढे 2019 मध्ये आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 16,741 वयस्क स्त्रियांची पावलं खरोखर मोजली. दिवसाला 2,700 च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी निघालं, आणि साडेसात हजारांच्या पुढे जास्तीचा फायदा दिसेनासा झाला.

मोजण्याची आणखी एक किंमत असते. ड्यूक विद्यापीठातल्या जॉर्डन एटकिन यांनी 2016 मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. पावलं मोजायला दिलेली माणसं जास्त चालली, पण त्यांना चालण्यात मजा कमी आली. आवडीचं काम मोजमापामुळे कामासारखं वाटू लागतं, हा त्यांचा निष्कर्ष. मला तो पटायला प्रयोगाची गरज नव्हती. रात्री साडेनऊला, बाराशे पावलं कमी पडली म्हणून, मी ओट्यावर येरझाऱ्या घालत होतो. समोरच्या चिकूवर घुबड येऊन बसलं होतं म्हणे. बायकोने पाहिलं, मी नाही.

घड्याळ कपाटात गेलं, तरी सकाळचा प्रश्न उरलाच. जुलै महिना, कौलांवर पाऊस, अंगावर गोधडी. अशा वेळी मनाला ‘जायचं का?’ असं विचारलं की काय उत्तर येणार? ओटावा शहरातल्या कार्लटन विद्यापीठात एलिझाबेथ निस्बेट आणि जॉन झेलेन्स्की यांनी 2011 मध्ये नेमकं हेच तपासलं. त्या विद्यापीठाच्या इमारती भुयारी वाटांनी जोडलेल्या आहेत. काही विद्यार्थ्यांना त्या भुयारांतून चालायला लावलं, काहींना जवळच्याच झाडाझुडपांच्या वाटेने. चालणं थोड्या मिनिटांचंच होतं. निघण्यापूर्वी त्यांना विचारलं होतं, किती बरं वाटेल असा अंदाज आहे? बाहेरून चालून आलेल्यांना अंदाजापेक्षा कितीतरी अधिक बरं वाटलं. घराजवळच्या हिरवाईतून किती आनंद मिळेल, हे आपण आधी कमीच धरतो.

2008 मध्ये मार्क बर्मन, जॉन जोनाइड्स आणि स्टीफन काप्लान यांनी मिशिगनमधल्या अॅन आर्बर इथे केलेला प्रयोग याच्या पुढचा आहे. आकडे ऐकून ते उलट्या क्रमाने सांगण्याच्या परीक्षेत, वृक्षोद्यानातून चालून आलेल्यांची कामगिरी सुधारली. गजबजलेल्या रस्त्यावरून आलेल्यांची तशी सुधारली नाही. कडाक्याच्या थंडीत चालणाऱ्यांना चालणं फारसं आवडलं नव्हतं, तरीही त्यांना लाभ झाला. हे वाचल्यापासून मी सकाळी मनाला काही विचारत नाही. त्याच्याकडे या विषयातली माहिती अपुरी आहे.

असं का होतं, याचं एक स्पष्टीकरण स्टीफन आणि रेचल काप्लान या दांपत्याने दिलं. हिशेब करताना, गाडी चालवताना, बैठकीत बसताना आपण लक्ष मुद्दाम एका जागी धरून ठेवतो. हे धरून ठेवणं दमवतं. झाडाची पानं हलताना, पाण्यावर तरंग उठताना, मुंग्यांची रांग जाताना लक्ष आपोआप वेधलं जातं, पण हलक्या हाताने. डोकं मोकळं राहतं आणि धरणाऱ्या हाताला विसावा मिळतो. मोबाइलही लक्ष आपोआपच वेधतो, पण तो हात पिरगाळून नेतो.

आता खरी अडचण. तोच बांध, तेच माड, तोच पाट. पंधरा दिवसांत कंटाळा येणारच, आणि मलाही आला. त्यातून मला बाहेर काढलं ते मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दरवाजावर, जाळं सारखं करत बसलेल्या शेजारच्या आबांनी. मी बांधावर उभा राहून म्हटलं, आज पाणी बरंच चढलंय. त्यांनी मान वर न करता विचारलं, “आयज तिथ खंयची?” मला ठाऊक नव्हतं. माझं घड्याळ हृदयाचे ठोके सांगायचं, तिथी सांगत नव्हतं.

“दशमी,” तेच म्हणाले. “दशमीची पाऊणपट कर. साडेसात. अजून चढणार.”

कोकणपट्टीतल्या दर्यावर्दी लोकांचा हा जुना हिशेब: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. यामागचं गणित सरळ आहे. चंद्र पृथ्वीभोवती त्याच दिशेने पुढे सरकत असतो, म्हणून पृथ्वीला स्वतःभोवती फिरून पुन्हा त्याच्यासमोर यायला 24 तासांहून सुमारे 50 मिनिटं जास्त लागतात. भरतीही रोज तेवढीच उशिरा येते. दुसऱ्या बाजूने बघा: एका चांद्रमासात 30 तिथी, तेवढ्यात भरतीची वेळ 24 तासांचं चक्र पुरं करते. 24 भागिले 30 म्हणजे 48 मिनिटं. तोंडी हिशेबाला पाऊण तास पुरे. खाडीत आत आलं की पाणी थोडं मागाहून पोहोचतं, तेवढी सूट आपली आपण द्यायची.

या हिशेबाने माझ्या वीस मिनिटांचं रूपच बदललं. मी त्याच वेळी त्याच जागी जातो, म्हणून तर फरक दिसतो. पौर्णिमा-प्रतिपदेला सकाळी सुकती असते आणि चिखल लांबपर्यंत उघडा पडतो. नर फिडलर खेकडे आपली एकच अवाढव्य नांगी हलवून माद्यांना बोलावत असतात. जवळ गेलं की सगळे बिळांत. दोन मिनिटं न हलता उभं राहिलं की एकेक बाहेर. या खेकड्यांना समुद्रापासून दूर प्रयोगशाळेत ठेवलं तरी काही दिवस त्यांची हालचाल भरती-ओहोटीच्या तालावर चालू राहते. घड्याळ त्यांच्या आतच असतं. आठवड्याभराने, अष्टमीच्या सुमारास, त्याच जागी चिखलाचा पत्ता नसतो. पाणी मुळांशी आलेलं असतं, पण उधाणाचा जोर नसतो, कारण तो भांगाचा काळ.

मानसही थांबून बघण्यासारखी. खाजनाच्या बांधातला हा दरवाजा पाण्याच्याच दाबाने चालतो. भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की लाकडी फळ्या मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्या ढकलून बाहेर पडतं. त्यामुळे खारं पाणी शेतात शिरत नाही. वीज नाही, माणूस नाही. फळ्या मिटण्याच्या क्षणी तिथे असायला मला चार महिने लागले. ठप्प असा ओला आवाज होतो, आणि त्यानंतर पाटातलं पाणी एकदम गप्प.

मानशीच्या अलीकडे तिवराचं एक झाड बांधावर झुकलं आहे. पाऊस नसताना त्याचं पान जिभेला लावून बघा. खारट लागतं, कारण तिवर मुळांतून शोषलेलं जास्तीचं मीठ पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. कोरड्या दिवसांत पानावर स्फटिक नुसत्या डोळ्यांनी दिसतात. शेजारच्या कांदळाची तऱ्हा वेगळी: तो मीठ मुळांपाशीच बहुतांशी गाळून टाकतो.

कुळागरातल्या आंब्यावर हुमल्यांचं, म्हणजे पानं शिवणाऱ्या तांबड्या मुंग्यांचं, घरटं आहे. लहानपणी चावा खाऊन त्यांची ओळख झालेली, त्यांचं शिवणकाम मात्र चाळिशीनंतर पाहिलं. दोन पानांत अंतर जास्त असलं की हुमले एकमेकांच्या कमरेला धरून साखळी करतात आणि पान ओढून आणतात. मग एखादा कामकरी तोंडात अळी घेऊन येतो, तिचं तोंड एका पानाच्या कडेला टेकवतो, मग दुसऱ्या, पुन्हा पहिल्या. अळीतून रेशमाचा धागा निघतो आणि पानं सांधली जातात. मोठ्या हुमल्यांना रेशीम काढता येत नाही. अळ्या आपलं रेशीम घरट्यावर खर्च करतात आणि स्वतःसाठी कोश विणत नाहीत. हे सगळं माझ्या नाकापासून हातभर अंतरावर चाललं होतं. त्याहून जवळ मी गेलो नाही.

बांध सगळ्यांच्या दारात नसतो हे मान्य. पण पर्वरीच्या फ्लॅटमागे बांधकामापासून अजून वाचलेला सड्याचा, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराचा, तुकडा असेल, तर ऑगस्ट-सप्टेंबरात तिथे वाकून बघा. जांभ्यावरच्या बोटभर पाण्यात सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं दिसतील. खाली मुळांसारख्या धाग्यांवर टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात. या कुळातल्या वनस्पतींची पिशवी एक मिलिसेकंदाहून कमी वेळात उघडून सूक्ष्म जीव आत ओढते. पणजीत राहणाऱ्यांना रुआ द ओरेमच्या खाडीकाठी कांदळवन आहे, आल्तिनोच्या चढावर जुनी झाडं आहेत. एकच झाड निवडलं तरी चालतं.

नावं कळली की वाट लांबते, हाही माझा अनुभव. त्यासाठी आपल्याकडे चवथीची माटोळी आहे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची रानफळा-फुलांची चौकट. कांगलां, घागऱ्यो, माट्ट्यो, कवंडळ हे सगळं आम्ही बाजारातून पाचशे रुपयांना आणायचो. मुलीने विचारलं, माट्टी कुठे लागते? आपल्याच वाटेवर, मगरीच्या पाठीसारख्या भेगाळ सालीचं झाड. तोच ऐन, गोव्याचा राज्यवृक्ष. आता जूनपासून आम्ही दोघं कुठल्या वेलीला काय धरलंय यावर नजर ठेवून असतो. तोडायचं मात्र बेताने, दोन-चार.

सवयीबद्दल थोडं. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 जणांवर केलेल्या अभ्यासात नवी गोष्ट अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मधला आकडा 66 निघाला. कोणाला 18 दिवस, तर कोणाला 254 पर्यंत लागतील असा अंदाज. त्यातल्या दोन गोष्टी मी उचलल्या. एक, नवं काम रोज घडणाऱ्या कुठल्यातरी जुन्या गोष्टीला बांधावं. माझ्यासाठी ती पोदेराचा भोंपू. दुसरी, एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नाही. पोदेर तरी चवथीला, फेस्ताला दांडी मारतोच.

वीस मिनिटं पुरतात का? मेरीकॅरोल हंटर यांच्या 2019 च्या अभ्यासात निसर्गात घालवलेल्या 20 ते 30 मिनिटांत लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, सर्वात वेगाने उतरलं. त्यापुढेही उतरत राहिलं, पण सावकाश. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या सुमारे 20,000 लोकांच्या पाहणीत आठवड्याला 120 मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत बरी असल्याचं अधिक प्रमाणात सांगितलं, मग ती मिनिटं एका दमात असोत की तुकड्यांत. ही पाहणी आहे. मुळात धडधाकट माणसंच जास्त बाहेर पडत असतील हेही शक्य आहे. पण वीस गुणिले सहा एकशेवीस होतात, आणि रविवारी मी निवांत झोपतो.

पावसात बंद बूट आणि काठी हवी, अंधार असेल तर टॉर्चही. घोणस बाजूला होण्याची तसदी घेत नाही. सत्तरीकडच्या वाचकांनी कोरड्या दिवसांत रानातल्या गोचिडांना जपावं, तिथे माकडताप आहे. ढगाळ सकाळ फुकट गेली असं मात्र समजू नका. ढगांखालीही बाहेर हजारो लक्स प्रकाश असतो, घरातल्या ट्यूबलाइटखाली जेमतेम काही शे, आणि शरीराचं घड्याळ लावायला तोच बाहेरचा प्रकाश कामी येतो. शिवाय व्हाळाकाठी शीळकरी कस्तूर पावसाळ्यातच जास्त गातो. आळशी पोराने शीळ घालावी तसा, सूर अर्धवट सोडून.

आज अष्टमी होती. बांधावर पोहोचलो तेव्हा पाणी तिवराच्या श्वसनमुळांची टोकं बुडवून थांबलं होतं, मानस मिटलेली. उद्या नवमी, म्हणजे पावणेसात, वर खाडीची सूट. पोदेर वेळेवर आला तर पाणी चढत असतानाच मी तिथे असेन.