बेसमेंट गळतंय? आतून कोटिंग मारलं की काम झालं, हा गैरसमज

आमच्या नवी मुंबईतल्या वाशी-सानपाडा साइडच्या सोसायट्यांमध्ये दर पावसाळ्यानंतर हेच ऐकू येतं, बेसमेंट पार्किंगच्या भिंतीला आतून चांगल्या कंपनीचं वॉटरप्रूफ कोटिंग मारा, विषय संपला. नाही संपत हो! हा भाग खाडीलगतचा, भराव टाकलेला, पावसाळ्यात जमिनीतलं पाणी पार वर येतं आणि ते भिंतीला बाहेरून ढकलतं. १ मीटर उंच पाणी म्हणजे तळाशी दर चौरस मीटरला साधारण १ टन दाब, मग आतला रंगासारखा थर फुगणार, पोपडे धरणार, सुटणारच. गच्चीवर तेच कोटिंग टिकतं कारण तिथे पाणी त्याला स्लॅबवर दाबून धरतं, इथे बरोबर उलटं.

खरा उपाय बांधकामाच्या वेळीच, बाहेरून मेंब्रेन (पाणी अडवणारा अखंड पडदा) किंवा शहाबादी फरशीचं बॉक्स वॉटरप्रूफिंग, म्हणजे तळ आणि भिंतींना बाहेरून पेटीसारखं फरशीचं आवरण. बिल्डिंग उभी झाली की बाहेरून खणणं बहुतेक वेळा शक्यच नसतं, मग भेगांमध्ये आणि भिंत-फरशीच्या सांध्यात पीयू (पॉलीयुरेथेन) इंजेक्शन, म्हणजे दाबाने आत भरलेलं, भेग बंद करणारं रसायन, नंतर काँक्रीट उघडं करून क्रिस्टलाइन ट्रीटमेंट, म्हणजे काँक्रीटच्या छिद्रांत स्फटिक तयार करून ती बुजवणारं रसायन (प्लास्टरवर नाही, इथेच बरेच कॉन्ट्रॅक्टर शॉर्टकट मारतात), आणि तरीही झिरपलं तर कडेने नाली काढून संपमध्ये (पाणी जमा करायच्या खड्ड्यात) पंप.

आणि हो, कोटेशन मागवायच्या आधी भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, १-२ दिवसांनी बघा. पाणी प्लास्टिकच्या मागे असेल तर झिरपतंय, प्लास्टिकच्या आपल्याकडच्या बाजूला थेंब असतील तर तो हवेतला दमटपणा, त्याला एक्झॉस्ट फॅन लागतो, कोटिंग नाही.