उपनगरी खरेदी संकुलाची पार्श्वभूमी

शहराच्या कडेला, गाड्या उभ्या करण्यासाठी प्रशस्त जागा ठेवून, एकाच मालकाने आखलेले आणि दुकान-दुकान करून भाड्याने दिलेले बाजार संकुल ही कल्पना विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात आकाराला आली. अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या मध्यवस्तीपासून दूर १९२३ मध्ये उघडलेले संकुल हा तिचा ठळक आरंभ मानला जातो. ते उभारणाऱ्या विकासकाचा मूळ धंदा घरांच्या वसाहती वसवण्याचा होता आणि दुकाने त्या वसाहतींच्या सोयीसाठी होती. त्यानंतर आलेली महामंदी आणि महायुद्ध यांमुळे सुमारे दोन दशके या प्रकारात फारशी भर पडली नाही.

युद्धानंतरची वाढ मात्र झपाट्याची आहे. सिएटलच्या उत्तरेला १९५०, बोस्टनजवळ फ्रेमिंगहॅम येथे १९५१ आणि डेट्रॉइटलगत साउथफील्ड येथे मार्च १९५४ अशा क्रमाने मोठी संकुले उघडली. या साऱ्यांचा आर्थिक पाया एकच होता. गर्दी खेचणाऱ्या डिपार्टमेंट स्टोअरला नाममात्र भाड्याने किंवा अत्यंत अनुकूल अटींवर जागा द्यायची आणि त्याच्या वाटेवर येणाऱ्या लहान दुकानांकडून दर चौरस फुटामागे कितीतरी जास्त भाडे घ्यायचे, वर त्यांच्या विक्रीतील ठराविक टक्केवारीही घ्यायची. दोन टोकांना दोन मोठी दुकाने आणि मधल्या पट्ट्यात लहान दुकाने ही परिचित रचना या हिशेबातूनच निघाली.

मिनियापोलिसजवळच्या एडिना येथे ऑक्टोबर १९५६ मध्ये उघडलेल्या संकुलाने या रचनेवर छप्पर घातले. हिवाळा कडक असलेल्या त्या भागात वर्षभर एकसारखे तापमान राखणारा मधला चौक आणि एकाच छताखाली दोन प्रतिस्पर्धी डिपार्टमेंट स्टोअर्स हा त्या काळी धाडसाचा प्रयोग होता. त्याचा वास्तुविशारद १९३८ मध्ये व्हिएन्नाहून निर्वासित म्हणून आलेला होता आणि त्याच्या मूळ आराखड्यात चारशेहून अधिक एकरांवर घरे, शाळा, दवाखाने, उद्यान आणि तलाव होता; बाजार हा त्या वस्तीचा केवळ मध्य होता. प्रत्यक्षात बाजार आणि त्याभोवतीचे पार्किंग तेवढे ठरल्याप्रमाणे उभे राहिले. पुढे सर्वत्र नक्कल झाली ती या अर्ध्या आराखड्याची.

आता ज्या निर्णयावर अजून वाद होतो, त्याकडे वळणे भाग आहे. ऑगस्ट १९५४ मध्ये अमेरिकेच्या आयकर कायद्यात नव्या बांधकामावर वेगवान घसारा, म्हणजे इमारतीच्या झिजेपोटी मिळणारी वार्षिक वजावट, आकारण्याची मुभा देण्यात आली. त्यापूर्वी इमारतीचे आयुष्य चाळीस वर्षे धरले तर दर वर्षी खर्चाच्या अडीच टक्के रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करता येत असे. नव्या पद्धतीत पहिल्या वर्षी पाच टक्के आणि त्यानंतर दर वर्षी उरलेल्या शिलकेच्या पाच टक्के वजा करता येऊ लागले. दहा लाख डॉलर खर्चाच्या इमारतीवर पहिल्या वर्षीची वजावट २५ हजारांवरून ५० हजारांवर गेली; पहिल्या दहा वर्षांत मिळून जुन्या पद्धतीने २५ टक्के, तर नव्या पद्धतीने सुमारे ४० टक्के खर्च वजा होऊ लागला. त्यामुळे संकुलातून रोख भाडे येत असतानाही कागदोपत्री तोटा दिसू शकत होता आणि तो तोटा मालकाच्या इतर उत्पन्नातून वळता करता येत होता. वैयक्तिक आयकराचा सर्वोच्च दर त्या काळी ९१ टक्के होता, तर मालमत्ता विकून होणाऱ्या दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावरील कर २५ टक्क्यांपुरता मर्यादित होता. काही वर्षे घसारा उपभोगून इमारत विकणे आणि आलेल्या पैशातून नवी बांधणे हा स्वतंत्र व्यवसायच होऊन बसला.

या तरतुदीचा कल उपनगराकडे होता, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा दुहेरी आहे. सर्वांत वेगवान पद्धत फक्त नव्या बांधकामाला लागू असल्याने जुन्या बाजारपेठेतील उभी इमारत विकत घेणाऱ्याला ती मिळत नव्हती. शिवाय जमिनीवर घसारा मिळतच नाही. म्हणून ज्या प्रकल्पात जमीन स्वस्त आणि बांधकामाचा वाटा मोठा, तो करदृष्ट्या अधिक फायद्याचा. शेतजमिनीवर उभे राहणारे संकुल या वर्णनात चपखल बसते आणि शहराच्या मध्यातील महागडा भूखंड बसत नाही. कायदा करणाऱ्यांच्या नजरेसमोर कारखान्यांतील गुंतवणूक होती, दुकाने नव्हती, असेही दिसते. परंतु हेतू वेगळा होता म्हणून परिणाम नाकारता येत नाही.

विरोधी बाजूचे म्हणणे कालक्रमावर आधारलेले आहे. सिएटल, फ्रेमिंगहॅम आणि साउथफील्ड येथील संकुले कायद्यापूर्वीच उघडली होती आणि एडिनाच्या प्रकल्पाची आखणीही आधीच झाली होती. मोटारींची वाढती संख्या, उपनगरांत गेलेली तरुण कुटुंबे आणि जून १९५६ च्या कायद्याने मंजूर झालेले आंतरराज्य महामार्गांचे जाळे एवढे स्पष्टीकरण पुरेसे आहे, असे हा पक्ष मानतो. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या चर्मसाइड भागात १९५७ मध्ये आणि मेलबर्नच्या चॅडस्टोन येथे १९६० मध्ये, अर्थात अमेरिकी करसवलतीशिवाय, अशी संकुले उभी राहिली, हाही त्यांचा दाखला आहे. हा दाखला संकुल का निर्माण झाले याला उत्तर देतो. गरजेपेक्षा जास्त का निर्माण झाली, याला देत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते यांपैकी दुसरा प्रश्नच महत्त्वाचा आहे, कारण पुढच्या ओसाडीची मुळे त्यात आहेत. १९६९ मध्ये व्यापारी इमारतींवरील सवलत आखडली गेली, १९८१ मध्ये घसाऱ्याची मुदत पंधरा वर्षांवर आणून ती पुन्हा सैल करण्यात आली आणि १९८६ मध्ये इमारतींसाठी वेगवान घसारा मोडीत निघाला.

पार्किंगचा हिशेब तुलनेने कमी चर्चिला जातो. दर हजार चौरस फूट भाडेयोग्य क्षेत्रामागे पाच गाड्यांची जागा हे प्रमाण अमेरिकेत रूढ झाले. गाडी वळवण्याची वाट धरून एका गाडीला तीनशेहून अधिक चौरस फूट लागतात, म्हणजे दुकानांपेक्षा दीडपट जमीन डांबराखाली जाते. इतर ठिकाणाहून पायी येण्याचा विचार मग आराखड्यात उरलाच नाही.

ब्रिटनमध्ये लंडनच्या उत्तरेला ब्रेंट क्रॉस १९७६ मध्ये उघडले. गेट्सहेड येथील १९८६ चे संकुल वीजकेंद्राची राख टाकण्याच्या जुन्या जागेवर, करसवलतीच्या विशेष क्षेत्रात उभे राहिले. म्हणजे तेथेही कराचा हात होताच. शेजारच्या बाजारपेठांना फटका बसू लागल्यावर १९९६ मध्ये नियोजनाचे धोरण बदलले आणि मध्यवस्तीत योग्य जागा नाही हे आधी दाखवल्याखेरीज बाहेर परवानगी मिळेनाशी झाली. अमेरिकेत अशी सर्वव्यापी अट कधीच आली नाही. एडिनाच्या वास्तुविशारदाने १९७८ मध्ये लंडनमधील एका भाषणात या संकुलांचे पितृत्वच नाकारले. दोन वर्षे आधी खुद्द व्हिएन्नाच्या दक्षिणेला तशाच धर्तीचे एक प्रचंड संकुल उघडले होते.

१९८१ मध्ये कॅनडातील एडमंटन आणि १९९२ मध्ये मिनियापोलिसजवळच्या ब्लूमिंग्टन येथे उघडलेल्या संकुलांनी झुले, पाळणे आणि करमणूक दुकानांच्या बरोबरीला आणली. नव्वदच्या दशकात मोठ्या सवलतीची स्वतंत्र दुकाने आणि पुढे ऑनलाइन विक्री यांनी मध्यम दर्जाच्या संकुलांचा ग्राहक ओढून घेतला. तरीही दोष केवळ ऑनलाइन विक्रीला देणे सोयीचे असले तरी अपुरे आहे. डिपार्टमेंट स्टोअर्सचा व्यवसाय त्यापूर्वीच खालावू लागला होता आणि तेच या रचनेचे खांब होते. ओहायोतील नॉर्थ रँडल येथे १९७६ मध्ये उघडलेले अतिभव्य संकुल २००९ मध्ये बंद पडले आणि त्या जागी २०१८ मध्ये ऑनलाइन विक्रेत्याचे गोदाम सुरू झाले. साउथफील्डचे संकुल २०१५ मध्ये बंद झाले. सिएटलच्या संकुलाचा मोठा भाग पाडून तेथे २०२१ मध्ये बर्फावरील हॉकीच्या सरावाचे केंद्र उघडले, तर एडिनाच्या संकुलालगत आता निवासी इमारती आहेत.

असे रूपांतर सगळीकडे वेगाने होत नाही, याचे कारण बहुतेक वेळा जुन्या करारांत असते. अनेक संकुलांत मोठ्या दुकानाची इमारत आणि तिच्यासमोरील पार्किंग त्या दुकानाच्याच मालकीचे असते, आणि परस्पर संमतीशिवाय पार्किंगची मांडणीही बदलता येत नाही. मोठे दुकान बंद पडले तर लहान भाडेकरूंना भाडे कमी करून मागण्याचा किंवा करार संपवण्याचा हक्क देणारी कलमेही सर्रास असतात. एक खांब गेला की उत्पन्न घटते, ते घटल्यावर कर्ज थकते, आणि पाडून नवे बांधायचे म्हटले तर ज्यांच्या सह्या लागतात त्यांपैकी काही मालक दिवाळखोरीच्या कज्ज्यात अडकलेले असतात.